अधिक महिना कुणाच्या पाळीत?

गल्लीतल्या निदान दहा जणांनी मला विचारलं, "काय गं, डेन्मार्क बघून आलीस म्हणे?" नाही हो! मी सावदा, शिरपूर, धुळे आणि साक्री बघून आले. डेन्मार्क जीपमध्ये माझ्या शेजारी बसला होता, मांडीवर फाईल आणि डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून.

कारेनबाई पन्नाशीच्या. त्यांच्या देशात म्हाताऱ्या माणसांची सोय बघणारं एक सरकारी खातं आहे, त्यात त्या काम करतात. आधी इंग्लंडात दोन वर्षं काम केलेलं, इकडे येताना जपानात दोन महिने म्हाताऱ्यांची चौकशी केलेली. आता पाळी आपली. आमच्या कॉलेजच्या एका सरांची आणि त्यांची पत्रओळख, म्हणून दिल्ली-मुंबई सोडून बाई थेट जळगावात उतरल्या, तेही १९७२ च्या एप्रिलमध्ये, जेव्हा आमच्या अंगणातली बादलीसुद्धा दुपारी हाताला चटका देते. त्यांना इंग्रजी समजणारी, मराठी बोलणारी आणि टाइप करणारी मुलगी हवी होती. मी तिन्ही करते, तिसरं तर फारच वेगात. बाबांनी एकच विचारलं, "बाईमाणूस आहे ना? मग जा."

जीप भाड्याची, चालवणारे जळगावचेच रशीदभाई. बाकी काय काय झालं ते सांगते.

सावदा

सावद्याला बाहेर रस्त्यावर आग आणि केळीच्या बागेत शिरलं की एकदम माठाजवळ बसल्यासारखं. बाई बागेतून बाहेर यायलाच तयार नव्हत्या. विहिरी यंदा खोल गेल्यात, त्याची काळजी सगळ्यांच्या बोलण्यात होती, पण पाहुणीला केळी देण्यात कुणी कमी केलं नाही. बाईंनी सकाळपासून अकरा खाल्ली. बारावं नको म्हणाल्या तर बागवाल्या रामदासभाऊंच्या बायकोला वाटलं, राग आला.

रामदासभाऊंचे वडील म्हणजे नाना. पंचाहत्तरीच्या आसपासचे, उंच, काटक, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. अंगणात खाटांवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पापड, वाळत घातलेले आणि मधल्या खाटेवर नाना कावळे हाकायला बसलेले. बाईंनी प्रश्नावली काढली. मीच टाइप केली होती ती. पहिला प्रश्न: तुम्ही कुठे राहता?

नाना म्हणाले, "कोन्या महिन्यात?"

मी बाईंकडे बघितलं, बाईंनी माझ्याकडे.

मग रामदासभाऊंनी समजावलं. आई गेल्यावर दोघा भावांनी वाटणी केली, तेव्हाच नानांच्या पाळ्याही ठरल्या. कार्तिक ते चैत्र सहा महिने थोरल्याकडे, इथे सावद्याला. वैशाख ते आश्विन सहा महिने धाकट्या वसंताकडे, शिरपूरला. पंचांग बघून. कागद नाही, सही नाही, आणि आजवर एक दिवस इकडचा तिकडे झाला नाही.

बाई भराभर लिहीत होत्या. आमच्या देशात सदुसष्टाव्या वर्षी सरकार पेन्शन सुरू करतं, म्हणाल्या, नोकरी केलेली असो नसो. एकटं राहणाऱ्याकडे घरकाम करायला बाई पाठवतात. अगदीच झेपेना तर म्हाताऱ्यांचं वेगळं घर, स्वतःची खोली, खिडकीत फुलं. त्यांची स्वतःची आई तशाच घरात आहे, त्या दर रविवारी कॉफी प्यायला जातात. मी हे सगळं मराठीत सांगितलं. अंगणात जमलेली गर्दी आणखी जवळ सरकली.

"सरकार पगार देतं?" नानांनी विचारलं.

"हो."

"अन् भाजीत मीठ कमी पडलं तं रुसाचं कोनावर? सरकारवर?"

सगळे हसले. बाईंना मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा त्यासुद्धा हसल्या, आणि नानांचा प्रश्नही त्यांनी लिहून घेतला.

त्या दिवशी चैत्र अमावास्या होती. म्हणजे रामदासभाऊंची पाळी संपली! आमची जीप दुसऱ्या दिवशी शिरपूरलाच निघणार हे कळल्यावर भाऊ म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर नानांना घेऊन जा. एस.टी.त हाल होतात त्यांचे." हरकत कसली? बाईंना तर लॉटरी लागल्यासारखं झालं. एका म्हाताऱ्या माणसाची बदली होताना त्या स्वतः बघणार होत्या!

सकाळी सुनेनं नानांच्या हातावर दही दिलं, पाया पडली. नातवंडांनी ट्रंक जीपमध्ये चढवली. नाना मागे वळून न बघता बसले आणि रशीदभाईंना म्हणाले, "हाक रे बावा."

चोपड्याच्या रस्त्यानं

उजव्या हाताला सातपुडा, सगळा धुळकट तपकिरी. यावलच्या पुढे टायर बसलं. रशीदभाई चाक बदलेपर्यंत आम्ही निंबाखाली. नानांनी बाईंना विचारलं (मी मधे), "तुमच्यात वाटनी कशी करतात?" बाई म्हणाल्या, आईवडिलांची वाटणी नसते. "मंग भांडन कायचं होतं?" बाईंनी मग एक मजेशीर गोष्ट सांगितली. पूर्वी त्यांच्याकडे गरीब म्हाताऱ्याचा खर्च त्याच्या गावच्या नगरपालिकेनं करायचा असा कायदा होता. माणूस एका गावातून दुसऱ्या गावात गेला की दोन्ही नगरपालिका एकमेकींना पत्रं लिहायच्या: हा तुमचा, नाही हा तुमचा. बाई तरुणपणी कारकून होत्या, अशी पत्रं त्यांनी ढिगानं टाइप केलीत. इंग्लंडात दवाखाना म्हणतो, म्हातारा बरा झाला, घेऊन जा. घरचे म्हणतात, जिना चढता येत नाही. आणि म्हातारा तोवर दवाखान्याच्या खाटेवर. जपानात थोरल्या मुलानं सांभाळायचं, म्हणजे थोरल्या सुनेनं, आणि आईला बाहेरच्या घरात ठेवलं तर शेजाऱ्यांना सांगायचं की आई गावी गेली.

"आमच्यात असं नही," नाना म्हणाले. "आमच्यात पंचांग आहे."

शिरपूर

वसंतराव इथल्या एका कापसाच्या जिनमध्ये कारकून. बिऱ्हाड दोन खोल्यांचं. आम्ही पोचलो तर दारात बांधलेली वळकटी, पिशव्या, आणि नवा शर्ट घातलेला मुलगा. आपल्या स्वागताला सगळे नटलेत असं मला वाटलं. वसंतराव वडिलांच्या पाया पडले, पाणी दिलं, आणि मग त्यांचा चेहरा असा काही झाला की मला वाटलं, घरात काही वाईट घडलंय.

"नाना, तुम्ही आज कसे?"

"चैत्र सरला. वैशाख लागला."

"नाना, हा अधिक आहे. अधिक वैशाख. माझा वैशाख महिन्यानं."

आणि खरंच की! त्या वर्षी वैशाख अधिक होता. दर तीनेक वर्षांनी पंचांगात एक महिना जास्तीचा येतो, आपल्याला सगळ्यांना माहीत असतं, पण तो कुणाच्या पाळीत धरायचा हे सावद्याच्या वाटणीत कुणी बोललंच नव्हतं.

"मागच्या खेपेला आषाढ अधिक होता," वसंतराव बोटं मोजत म्हणाले. "माझ्या सहा महिन्यांच्या मधे आला. मी सात महिने केले. एक शब्द बोललो का? मग आता चैत्राला लागून आलाय, तर तो भाऊचा नको का?"

हिशेब म्हणून काही चूक नव्हती. रामदासभाऊंच्या बाजूनंही चूक नव्हती: चैत्र संपला म्हणजे संपला. शिवाय अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचं, धोंडे करून जेवू घालायचं. जिनचा हंगाम संपलेला, सुट्टी मिळालेली, सासऱ्यांनी सगळ्यांना महिनाभर नाशिकला बोलावलेलं. सकाळच्या एस.टी.चं आरक्षण खिशात. घराला कुलूप लागणार होतं.

सूनबाई आत चुलीजवळ पुटपुटत होत्या, "बारा वर्षांत एकदा माहेरी चालले..." त्यांचंही खोटं नव्हतं.

बाईंनी मला विचारलं, काय चाललंय? मी सांगितलं. त्यांनी डोळे मोठे करून विचारलं, "म्हणजे हा महिना कुणाचाच नाही?" मी म्हटलं, कुणाचाच नाही. बाई म्हणाल्या, "नगरपालिका!" आणि दोन्ही हात वर केले.

वसंतराव म्हणाले, "उद्या तुम्हाला सावद्याच्या गाडीत बसवून देतो."

"दही खाऊन निघालो मी," नाना म्हणाले. "निरोप घेतलेला मानूस दुसऱ्या दिवशी परत दारात उभा राहीन? शेजारपाजारचे काय म्हनतीन, पोरानं हाकलला?" मग माझ्याकडे वळून, "पोरी, तुमी पुढं कुठी चालले?"

"धुळे. मग साक्री. तिथे आठ-दहा दिवस."

"साक्रीले माही लेक आहे. शकुंतला. तिले भेटून घेतो."

"आणि मग?" वसंतराव.

"मंगचं मंग."

जेवायला सूनबाईंनी उडदाची डाळ आणि भाकरी वाढली, भरपूर तेल घालून. सगळे जेवले. नानांनी दोनदा डाळ मागून घेतली. सकाळी दोन्ही गाड्या धुळ्याच्याच रस्त्यानं निघाल्या, आमची पुढे. वसंतराव एस.टी.च्या खिडकीतून जीप दिसेनाशी होईपर्यंत बघत होते.

धुळे

धुळ्यात एका कचेरीत बाईंची भेट ठरलेली होती. साहेब सज्जन. चहा, बिस्किटं, पंखा. बाईंनी विचारलं, जिल्ह्यात बघायला कुणी नसलेले म्हातारे किती? साहेब म्हणाले, "मॅडम, हा प्रश्न तुमच्याकडचा. आमच्याकडे कुटुंबपद्धती आहे. म्हातारं माणूस घरचंच असतं." मी भाषांतर केलं. बाईंनी लिहून घेतलं. आम्हाला पोचवायला साहेब बाहेर आले तर व्हरांड्यातल्या बाकावर नाना, पायाशी ट्रंक.

"बाबा, तुमचं काय काम?"

"काही नही साहेब. मी यांच्यासंगे आहे."

साहेबांनी मान डोलावली आणि आत गेले.

दुपारी शेवभाजी खाल्ली. बाईंनी ठेचा चटणीसारखा चमच्यानं घेतला, मी ओरडेपर्यंत तोंडात! मग अर्धा तास डेन्मार्कचं बोलणंच बंद. नानांनी गुळाचा खडा दिला आणि म्हणाले, "हे सरकार देतं का इचार तिले."

साक्री

साक्रीत आम्ही पोचलो तो बाजाराचा दिवस होता. डोंगराकडच्या बायका टोपल्या घेऊन आलेल्या. एका कांदेवालीनं बाईंचा दंड चिमटीत धरून बघितला. "कथाईन उनी हाई? इतली गोरी!" मी सांगितलं, लांबच्या देशातून, तिकडे म्हाताऱ्यांना सरकार पगार देतं. ती शेजारणीला म्हणाली, "आयक वं! मंग हाई अठे काय कराले उनी?" म्हणजे, मग ही इथे कशाला आली? मी कांदे घेतले.

शकुंतलाताईंचे यजमान दिनकरराव पोस्टात. बदली होऊन आलेले. भाड्याचं घर, पुढे अंगण, अंगणाच्या पलीकडे रस्त्याला लागून जळण ठेवायची पत्र्याची खोली. घरात दिनकररावांची आई, त्यांना सगळे अक्का म्हणतात. वडिलांना जीपमधून उतरताना बघून ताईंच्या हातातलं सूप खाली पडलं. पाच वर्षांत भेट नव्हती. आई गेली, वाटणी झाली, सावद्याच्या घरात भिंत उठली, आणि मग बोलावणंच आलं नाही. कुणी मुद्दाम नव्हे. थोरल्याला वाटलं धाकटा बोलावेल, धाकट्याला वाटलं थोरला.

ताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. नानांनी हात जोडले. "नको बेटा."

बाईंना मी हळूच सांगितलं: बाप लेकीच्या घरचं खात नाही. पाणीसुद्धा नाही. बाईंनी विचारलं, किती दिवस? मी म्हटलं, जन्मभर.

गोष्ट दिनकररावांना कळली. ते सरळ म्हणाले, "महिनाभर इथंच राहा. हा काय प्रश्न आहे?" पण तोच तर प्रश्न होता. नानांनी शेजारच्या हॉटेलातून स्वतःसाठी चहा मागवला आणि ओट्यावर बसून प्यायले. ताई दाराआड रडत होत्या. बाई त्यांच्या बाजूनं चिडल्या होत्या, मला इंग्रजीत म्हणाल्या, "तिची इच्छा आहे, त्याची इच्छा आहे, जागा आहे, जेवण आहे. आमच्याकडे एवढं सगळं एकदम कधीच नसतं!"

तेवढ्यात अक्का बाहेर आल्या. सत्तरीच्या, कमरेत वाकलेल्या, जिभेला धार.

"काय व्याही, हॉटेलचा चहा गोड लागला?"

"बरा आहे."

"महिनाभर तोच पिऊन जगनार? माह्या सुनेच्या हातचं खात नही, तं नका खाऊ. ते जळन ठेवायची खोली पाह्यली? भाड्यानं घ्या माह्यापासून. एक रुपया महिना. तुमी भाडेकरू, मी मालकीन. चूल मांडा अन् आपल्या हातानं खा. लेकीच्या घरचं काही नही त्याच्यात."

"मले सैपाक येत नही," नाना म्हणाले.

"त्याले मी काय करू? पंचाहत्तर वर्षं काय केलं मंग?"

नाना हसले. सावदा सोडल्यापासून पहिल्यांदा. आणि कनवटीचा रुपया काढून अक्कांच्या हातावर ठेवला.

मग काय, बाजार अजून उठला नव्हता! नाना, मी, बाई आणि रशीदभाई निघालो. ज्वारीचं पीठ, डाळ, गूळ, मीठ, तेल, मातीचा तवा, परात, दोन पातेली, तीन विटा. बाईंनी परात डोक्यावर धरली ऊन लागू नये म्हणून, अख्खा बाजार हसला. खोलीतलं जळण आम्ही अंगणात काढलं, झाडलं. एक नियम तिथल्या तिथे ठरला, कुणी ठरवला सांगता येत नाही: ताईंनी कशालाही हात लावायचा नाही. त्यांचा हात लागला की ते लेकीचं झालं. त्या अंगणाच्या अलीकडे ओट्यावर बसून राहिल्या, हात पदरात गुंडाळून. अक्का दारातून ओरडून शिकवत होत्या.

"पानी कमी! कमी म्हटलं ना! हे पीठ आहे का चिखल?"

"तुमी गप बसा, मालकीन."

पहिली भाकरी तव्यावर पडली ती घडीसारखी. दुसरी फाटली. तिसरी काळी झाली, ती नानांनी तेल-मीठ लावून खाल्ली. आम्हाला विचारलं नाही, आम्ही मागितलीही नाही.

डोंगरावरून परत

पुढचे नऊ दिवस आम्ही साक्रीच्या पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांवर हिंडलो. तिथल्या म्हाताऱ्यांबद्दल लिहायचं तर वेगळा कागद लागेल. एवढंच सांगते, बाईंच्या प्रश्नावलीत राहण्याचे तीन रकाने होते: स्वतःच्या घरी, मुलांकडे, संस्थेत. बाईंनी पेननं चौथा आखला आणि त्याला नाव न देता तसाच ठेवला.

परत साक्रीला आलो तर पत्र्याच्या खोलीपुढे सडा. नाना धुतलेल्या धोतरात, कपाळाला गंध. "बरं झालं आले. आज जावायाले धोंडे."

मला कळेचना. "कुठे?"

"कुठी म्हनजे? माह्या घरी!"

अधिक महिना होता ना. जावयाला बोलवायचा महिना. नाना पहाटेच दिनकररावांच्या दाराशी जाऊन, बाहेरच उभं राहून रीतसर आमंत्रण देऊन आले होते: सहकुटुंब यावं. डाळ त्यांनीच शिजवली, पुरण त्यांनीच वाटलं. ओरडून ओरडून अक्कांचा घसा बसलेला. धोंडे काही गोल, काही चपटे, दोन-तीन फुटून पुरण बाहेर आलेले.

नाना शिरपूरला गेले का, असं तुम्ही विचाराल. गेले. अधिक संपल्यावर वसंतराव स्वतः न्यायला आले आणि निज वैशाखात पाळी ठरल्याप्रमाणे सुरू झाली. पुढचा अधिक कुणाचा, यावर दोघा भावांमध्ये अजून पत्रं चालू आहेत असं ताईंनी कळवलंय. बाईंना मी ते लिहिलं, त्यांना फार आवडेल.

पण त्या दुपारचं सांगते. दिनकरराव इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी घालून, अंगण ओलांडून आले. बारा पावलं असतील. नानांनी त्यांच्या पायांवर पाणी घातलं, पाटावर बसवलं. ताईंचा पाट मांडलेला, पण ताई नाहीत. अक्कांनी विचारलं, कुठे गेली ही? घरात नव्हत्या.

मग रस्त्याच्या बाजूनं आवाज आला. खोलीचं एक दार रस्त्यावर उघडत होतं. ताई तिकडून येत होत्या. लग्नातली हिरवी साडी, डोक्यावर पदर, हातात पिशवी, घामानं चेहरा लाल. घरातून मागच्या दारानं निघून, पोस्टाला वळसा घालून, अख्ख्या उन्हातून चालत आल्या होत्या. दाराशी थांबल्या.

नाना तांब्या घेऊन उठले. "आली का माय? गाडीले गर्दी होती?"

"खूप होती नाना," ताई म्हणाल्या, आणि पाय पुढे केले.